कपाटातलं अंजिरी लुगडं

पडदा वर जातो. समोर एक खोली. बदलापूरच्या पश्चिमेला, बेलवलीत, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावरची. डाव्या हाताला खिडकी आणि खिडकीतून आत आलेलं सकाळचं ऊन. उजव्या हाताला शिवणयंत्र, ज्याच्यावर बहुतेक वेळ चहाचे कपच ठेवलेले. मागच्या भिंतीला हिरवं लोखंडी कपाट. आणि मधोमध, जिथे एरवी नायक-नायिकेने उभं राहायचं, तिथे जमिनीवर पसरलेलं भलंमोठं कापड, नि त्याच्या चारी कडांना पाय दुमडून बसलेल्या बायका. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या हातात सुया, आणि सगळ्यांची तोंडं चालू.

नेपथ्य एवढंच. साल एकोणीसशे शहाऐंशी.

"गयाबाई, टाका बघ तुझा. सुनेवरचा राग कापडावर काढतेस का?"

"सुनेवर काढला तं ती उलटून बोलंल. कापड बरं, गुमान खातं."

हशा व्हायचा. त्या हशात सगळ्यात मोठा आवाज असायचा कुमुदिनी टिपणीसचा. खोली तिची, कपाट तिचं, आणि त्या कापडातून जे काही निघणार होतं त्याची कल्पनाही तिची. पण गयाबाईला टोमणा मारणारी, चौघींच्या हातांवर नजर ठेवणारी, एखादीचा टाका तिरका गेला की न बोलता तो उसवून पुन्हा घालणारी बाई वेगळी होती. ती वेणूबाई भोईर, बदलापूर गावातली. कुमुदिनी म्हणायची, "नाटक माझं, पण दिग्दर्शन वेणूबाईंचं."

हे ती उगीच म्हणायची नाही. कुमुदिनीचं अर्धं आयुष्य नाटकाच्या मागच्या बाजूला गेलं होतं. ती अंबरनाथची. नवरा हरिचंद्र तिथल्या कारखान्यात, आणि कारखान्याच्या नाटकमंडळात राजाच्या भूमिका करणारा. राजा असला की राणी लागते, राणीला शालू लागतो, आणि मंडळाकडे शालूला कधीच काही नसायचं. मग कुमुदिनी खिडकीच्या पडद्यांचे शालू करायची, पलंगपोसांचे शेले करायची. जुनं कापड नवं दिसावं म्हणून इस्त्रीच्या पाण्यात डिंक घालायची. नवं कापड जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून, विटेने घासून, उन्हात तापवायची. एकदा तर पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या बायकोने भर प्रवेशात नवऱ्याला विचारलं, "अहो, महाराणीने आपला दिवाणखान्यातला पडदा नेसलाय का?" साहेबांनी तो स्वतःच देऊन टाकला होता, आणि बायकोला सांगायचं राहिलं होतं. तिसऱ्या अंकापर्यंत बिचाऱ्यांनी मान वर केली नाही.

पुढे अंबरनाथची जागा सोडून दोघं बेलवलीला राहायला आली. त्याच सुमाराला एका हळदीकुंकवासाठी कुमुदिनी बदलापूर गावात गेली आणि एका कुडावर वाळत घातलेली गोधडी पाहून वाटेतच थांबली. निळ्याशेजारी काळा, काळ्याशेजारी जांभळा, आणि सगळ्यावरून पांढरा धावदोरा, शेतात भात लावतात तसा ओळीने. ती इतका वेळ उभी राहिली की आतून बाई बाहेर आली.

"काय गो बाय, काय हरवलं का?"

"ही कुणी शिवली?"

"मी. का? आमच्याकडं जुन्याला कोन गिऱ्हाईक नसतं."

ती वेणूबाई. कुमुदिनीने विचारलं, हाच टाका अंगात घालायच्या जाकिटावर घालाल का? वेणूबाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "अंथरूण अंगात घालून फिरनार कोन?"

पहिला फिरला तो हरिचंद्र. बायकोने शिवलेलं जाकीट घालून तो तालमीला गेला आणि मंडळींनी त्याला उशी आणलीस का म्हणून विचारलं. पण त्या दिवशी तालीम बघायला मुंबईहून आलेल्या एका बाईंनी हातानेच त्याची बाही चाचपली, उलटी करून आतली शिवण बघितली, आणि "मला असं एक हवं" म्हणाल्या. राजेसाहेबांनी जाकीट तिथल्या तिथे काढून दिलं आणि नुसत्या बंडीवर घरी आले.

तिथून 'चौघडी' सुरू झाली. नाव कुमुदिनीनेच दिलं. घरात जुनं कापड चार पदरी घालून लहान मुलाखाली अंथरतात, त्यावरून. पांढऱ्या फितीच्या तुकड्यावर लाल दोऱ्याने हे नाव भरायचं आणि जाकिटाच्या मानेला आतून लावायचं. त्या काळी बदलापुरात बाईने फॉल-पिको करणं, ब्लाऊज शिवणं लोकांना समजायचं. स्वतःच्या कल्पनेचे कपडे करून त्यावर स्वतः ठरवलेलं नाव लावणं म्हणजे शेजाऱ्यांना नाटकाचंच उरलेलं वेड वाटायचं. कुमुदिनीचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. नाटकाचंच होतं ते.

कापड दोन ठिकाणांहून यायचं. बाहेरचं जाड कापड उल्हासनगरातून. तिथे कॅम्पा-कॅम्पांतून जीन्स शिवणारे कारखाने निघाले होते, आणि त्यांच्या दाराशी निळ्या चिंध्यांचे ढीग पडलेले असायचे. लछमनदास नावाचा एक कारखानदार तिला पोत्याने चिंध्या द्यायचा आणि प्रत्येक वेळी तेच बोलायचा.

"टिपनीसबाई, ये चिंधी का करता काय तुम्ही? आमच्याकडे तो लोग इससे गाडी पुसतात."

"लछमनशेठ, तुमच्या कचऱ्याचा मी कोट करते."

"साईं, तो मेरे को भी सिखाओ! मी एक दिन में शंभर करेगा, मशीन पे."

"मशीनवर नाही व्हायचा."

"सब होता है बाई. अमरिका का माल इधर होता है, तो बदलापूर का क्यों नाही होनार?"

दोघंही हसायची. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दुसरं कापड वेणूबाई आणायची. गावातल्या घराघरांतून जुनी सुती लुगडी, वर्षानुवर्षं नेसून, नदीवर आपटून सायीसारखी मऊ झालेली. बदल्यात कुमुदिनी त्या घरांना नवं कापड द्यायची. निळ्या चिंधीचा रांगडेपणा आणि लुगड्याचा मऊपणा, आणि दोन्हींना बांधून ठेवणारा वेणूबाईचा धावदोरा, अशी त्या जाकिटांची घडण.

मुंबईत वांद्र्याला एक लहानसं दुकान होतं, झरीनबाईंचं. साठीच्या, गोऱ्यापान, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. चौघडीची जाकिटं त्यांच्याकडे लागायची. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "डिकरा, हे कपडे नाय, ही तर मानसं आहेत." कुमुदिनीने ते वाक्य येऊन बायकांना सांगितलं. वेणूबाई म्हणाली, "मानसंच हायेत. हा बघ, हा काठ आमच्या चुलतीचा."

अशी चार-पाच वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुख असंच असतं, त्याचा प्रवेश रंगतो पण त्यात घडत काही नाही. हरिचंद्राला त्या खोलीत दुपारी बारापर्यंत पाय ठेवायला मनाई होती. वेणूबाई कुमुदिनीला "ताई" आणि "तू" म्हणायची, कुमुदिनी तिला "वेणूबाई" आणि "तुम्ही". वयाने वेणूबाई दहाएक वर्षांनी मोठी. दोघी एका ताटात जेवायच्या.

एका उन्हाळ्यात वेणूबाई एक बोचकं घेऊन आली. इतर बोचक्यांसारखं तिने ते जमिनीवर टाकलं नाही, मांडीवर ठेवलं.

"ताई, हे तुझ्या कपाटात ठेव. आमचं घर यंदा गळंल. कौलं बदलली नायत."

"काय आहे?"

वेणूबाईने गाठ सोडली. आत एक लुगडं होतं. अंजिरी रंगाचं, करवती काठाचं. वेणूबाईची आई, भिमाबाई, हिचं. भिमाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. वेणूबाईची मुलगी तुळशी वांगणीला दिलेली. तिला दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोर राहिलं नाही. भिमाबाईने जाताना सांगितलं होतं, तुळशीचं पोर पहिल्यांदा माझ्या लुगड्यावर निजू द्या. आता तुळशीला पुन्हा दिवस गेले होते.

"मग शिवून टाकूया की गोधडी," कुमुदिनी म्हणाली. "आपण सगळ्या बसू."

वेणूबाईने जीभ चावली. "नाय गो. पोर व्हायच्या आधी त्याचं काय करायचं नसतं. टाकासुद्धा घालायचा नसतो. पोर झालं की मग. तवर असंच राहू दे, कात्री न लावता."

कुमुदिनीने लुगडं हातात घेतलं आणि तिच्या बोटांना ते कळलं. निऱ्यांच्या आत जिथे ऊन कधी लागलं नव्हतं तिथे रंग अजून पिकल्या अंजिराचा होता. खांद्यावर, डोक्यावर तो फिका होत होत गुलाबी राखेसारखा झालेला. मधल्या सगळ्या छटा हळूहळू एकीतून दुसरीत जाणाऱ्या. कुठल्याही रंगाऱ्याला हे जमलं नसतं. त्याला एका बाईचं अख्खं आयुष्य उन्हातून ये-जा करायला हवं होतं. पदराजवळ चुलीची ठिणगी पडून झालेलं एक भोक होतं. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून भिमाबाईने ते पिवळ्या दोऱ्याने भरलं होतं. अंजिरीवर तो एवढासा पिवळा ठिपका.

"काय सुंदर आहे हो," ती म्हणाली.

"सुंदर काय त्यात? आयचं हाय," वेणूबाई म्हणाली आणि गाठ मारली.

बोचकं कपाटात वरच्या खणात गेलं.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी दोन गोष्टी झाल्या. पहिली ही, की वांगणीच्या डॉक्टरने तुळशीला पडून राहायला सांगितलं आणि वेणूबाई तिच्याजवळ जाऊन राहिली. दुसरी, झरीनबाईंनी चौघडीची आठ जाकिटं परत पाठवली.

कुमुदिनी धावत वांद्र्याला गेली.

"कुमुद, खोटं नाय बोलनार," झरीनबाई म्हणाल्या. "हे बघ. हात लाव. हे तर गादीवाल्याचं काम झालं. कडक. चमकतंय बघ कसं. पयला जे होतं ते कुठे गेलं?"

कुमुदिनीला ते कुठे गेलं हे ठाऊक होतं. गावातल्या बोचक्यांतून आता जुनी लुगडी निघत नव्हती. म्हाताऱ्या जात होत्या, त्यांची लुगडी आधीच वापरून संपली होती, आणि त्यांच्या सुना नायलॉन नेसत होत्या. नायलॉन कितीही वर्षं नेसा, मऊ होत नाही, फक्त फाटतं.

"दिवाळीच्या आधी मी मोठं प्रदर्शन लावते," झरीनबाई म्हणाल्या. "परदेशातनं लोक येनार. मला तुझी पाचच पाहिजेत. पन अशी, की मानूस आत आल्यावर पयलं तिथे जाईल. नाय जमलं तर नाय सांग. मी रागावनार नाय."

घरी आल्यावर कुमुदिनी कितीतरी वेळ कपाटाकडे बघत बसली. तिने ते लगेच उघडलं नाही. आधी उल्हासनगरचा बाजार पालथा घातला, बोहारणींची गाठोडी उपसली. मग एका दुपारी, हरिचंद्र कामावर असताना, तिने नुसतं बघायला म्हणून बोचकं खाली काढलं.

ज्यांनी कधी कापडावर जीव टाकला असेल त्यांना हे नुसतं बघणं म्हणजे काय ते समजेल. तिने लुगडं जमिनीवर पसरलं. पाच पाठी दिसल्या. पाच कॉलर दिसल्या. तो पिवळा ठिपका कुठे यायला हवा हे दिसलं: छातीवरच्या खिशाच्या बरोबर मधोमध. आणि ज्या क्षणी तिला तो खिसा दिसला, त्या क्षणी लुगडं वेणूबाईचं राहिलं नाही.

विचारायला वांगणी काही लांब नव्हती. पण विचारलं आणि वेणूबाई नाही म्हणाली तर? आणि वेणूबाई नाहीच म्हणेल याची कुमुदिनीला इतकी खात्री होती की तिने विचारलंच नाही. आयुष्यभर तिला टोचलं ते हेच.

तिने बायकांना सुट्टी दिली. गयाबाईला म्हणाली, "सध्या काम नाही, लावणी उरकून घ्या." आणि ती पाच जाकिटं तिने एकटीने, आपल्या हाताने शिवली. धावदोरा वेणूबाईसारखाच घातला. इतकी वर्षं शेजारी बसून हात तयार झाला होता. झरीनबाईंनी ती एकेक करून उलटसुलट पाहिली. मग त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कोन करते? हे शिकवून येत नाय." कुमुदिनीने खाली मान घातली. झरीनबाईंना तो विनय वाटला.

आता कपाटातलं रिकामं बोचकं भरायचं होतं. बोहारणीकडून मिळालेलं एक अंजिरी लुगडं होतं, करवती काठाचंच, पण जेमतेम वर्षभर नेसलेलं. मग कुमुदिनीने तेच केलं जे ती राजा-राण्यांसाठी वर्षानुवर्षं करत आली होती. लुगडं चहाच्या पाण्यात बुडवलं. काठ विटेने घासले. खांद्यावर येणारा भाग गच्चीत भादव्याच्या उन्हाला लावला, निऱ्यांचा भाग झाकून ठेवला. पदराजवळ उदबत्तीने भोक पाडलं आणि पिवळ्या दोऱ्याने भरलं. तशीच घडी, तशीच गाठ. तिसऱ्या रांगेतून बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं की हे तेच लुगडं.

हरिचंद्राने गच्चीत ते वाळताना पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं.

"कुमुद," तो म्हणाला, "वाक्य चुकलं ना, की पुढच्याच वाक्यात सावरून घ्यायचं असतं. मध्ये वेळ गेला की मग प्रेक्षकाला कळतं."

"कळणार नाही."

"मी प्रेक्षकांचं नाही बोलत."

तुळशीला मुलगा झाला. बदलापूर गावातच, आईकडे. बाळ चांगलं पोसलेलं, घसा फोडून रडणारं. वेणूबाई धापा टाकत पेढे घेऊन आली, कुमुदिनीच्या गळ्यात पडली, आणि बोचकं न उघडता काखेत मारून गेली. कुमुदिनी दारात उभी राहून ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. बोलवावंसं वाटलं. नाव तोंडाशी आलंही होतं.

बारशानंतर वेणूबाई कामावर परत आली. नेहमीसारखी बसली. नेहमीसारखी सुईत दोरा ओवला. गोधडीबद्दल काही बोलली नाही. कुमुदिनीने धीर करून विचारलं, "बाळ निजतं का नीट?" वेणूबाई म्हणाली, "निजतंय." कुमुदिनीला वाटलं, सुटले. फक्त एवढंच झालं, की वेणूबाई हळूहळू थट्टा करेनाशी झाली. गयाबाईचा टाका तिरका गेला तरी नुसती उसवायची. जेवताना म्हणायची, "मी घरून आनलंय." कुमुदिनीने मनाची समजूत घातली की नातवाने दमवली असेल.

पुढच्या वर्षी, होळीच्या सुमाराला, कुमुदिनी उल्हासनगरला गेली होती. लछमनदासने तिला मोठ्या हौसेने आत नेऊन दाखवलं. नव्या मशीनवर निळ्या जाकिटांवर पांढरा धावदोरा पडत होता, सरळ, एकसारखा, धडाधड. "देखो बाई, बोला था ना?" तिने हात लावून बघितलं. बरं नव्हतं, पण वाईटही नव्हतं. तिचं मन खट्टू झालं.

घरी आली तेव्हा बायका निघून गेल्या होत्या. एकटी वेणूबाई बसली होती, आणि तिच्या मांडीवर घडी घातलेलं एक जाकीट होतं.

"दुकानाचा शिपाई देऊन गेला," वेणूबाई म्हणाली. "गिऱ्हाईकाचा खिसा उसवला व्हता. दुरुस्तीला पाठवलंय."

अंजिरी खिसा. मधोमध पिवळा ठिपका.

नाटकात अशा जागी कुणीतरी विंगेतून वाक्य पुरवतं. इथे विंगेत कुणी नव्हतं.

"शिवलं मी," वेणूबाई म्हणाली. खिसा नीट बसवलेला होता. टाका तिच्या एरवीच्या टाक्याहूनही बारीक. "उद्या नेईल म्हनला."

"वेणूबाई, हे... हे तुम्ही ठेवून घ्या. घरी न्या."

"गिऱ्हाईकाची वस्तू हाय," वेणूबाई म्हणाली. सुई तिने आपल्या पदराला न टोचता कुमुदिनीच्या डब्यात ठेवली. "मी उद्यापास्नं येनार नाय. पोराला बघायला कोन नाय."

कुमुदिनीने "बरं" म्हटलं. फक्त "बरं". पुढे कित्येक वर्षं ती हा प्रवेश मनात पुन्हा पुन्हा करायची आणि प्रत्येक वेळी तिथे दुसरं काहीतरी बोलायची.

वेणूबाई गेल्यावर बाकीच्या बायका एकेक करत गळाल्या. गयाबाईला मुलाने येऊ दिलं नाही. कुणी कारण सांगितलं, कुणी सांगितलं नाही. कुमुदिनीने अंबरनाथच्या दोन पोरींना शिकवायचा प्रयत्न केला. त्या हुशार होत्या, पण मशीनवर बसल्या की खुलायच्या. लछमनदासची जाकिटं स्टेशनबाहेर टांगलेली दिसू लागली. पांढऱ्या फिती, लाल दोऱ्याने भरलेल्या, बरेच दिवस डब्यात पडून होत्या. मग ती साड्यांना फॉल लावू लागली. हरिचंद्र निवृत्त झाला आणि वर्षभरात गेला. जाण्याआधी एकदा म्हणाला, "अजून भेटली नाहीस तिला?" तिने विषय बदलला.

शेवटी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये झरीनबाईंनी दुकान बंद केलं. त्या पाचातलं एक जाकीट अजून त्यांच्याकडे होतं. विकायला जीव होईना म्हणून त्यांनी ते काचेत मांडून ठेवलं होतं. कुमुदिनीला बोलावून त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती टांग्याने बदलापूर गावात गेली. वेणूबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. केस पांढरे झालेले, एक डोळा दुधाळ.

"ये ताई," ती म्हणाली, जशी कालच भेटली होती. "बस. चहा टाकू?"

कुमुदिनी बसली नाही. जाकीट पुढे धरून तिने सगळं सांगितलं. कपाट, दुपार, कात्री, बोहारीण, वीट, उदबत्ती. सांगताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज पार खाली गेला होता. वेणूबाईने जाकीट घेतलं, आतबाहेर केलं, काठावरून अंगठा फिरवला.

"मना ठावं व्हतं," ती म्हणाली.

"खिसा शिवलात तेव्हा कळलं ना?"

"तवा नाय गो. पहिल्याच दिवशी. आयचा वास जाईल म्हनून मी ते लुगडं धुतलं नाय. तसंच शिवलं. पोरानं मुतलं आनि चहाचा वास सुटला." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आमची तुळशी बोलते, आये, चहा कुठं सांडला?"

कुमुदिनीला हसूही येईना आणि रडूही येईना.

"मग बोलला का नाहीत? एवढे महिने माझ्या शेजारी बसलात."

"वाट बघितली. म्हनलं, सांगंल. आज नाय तं उद्या सांगंल."

"शिव्या द्या मला, वेणूबाई. पण काहीतरी बोला."

वेणूबाईने जाकिटाची घडी घातली. ती घडी तिने परत केली नाही. सुपाशेजारी ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

ती दोघींची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात वेणूबाई गेली. कुमुदिनीला पुष्कळांनी नंतर विचारलं, की त्या दिवशी अंगणात वेणूबाई काय म्हणाली, तिने माफ केलं का. ऐकणाऱ्याला बरं वाटेल असं काहीतरी रचून सांगणं तिला अवघड नव्हतं. वाक्यं रचणाऱ्या माणसांतच तिचा जन्म गेला होता. पण या एका गोष्टीत तिने पदरचं काही घातलं नाही. अंगणाच्या कडेपर्यंत पोचल्यावर मागून हाक आली, ती वळली, आणि वेणूबाई खाली सुपातच बघत जे म्हणाली ते ती जसंच्या तसं सांगायची:

"नऊवार व्हतं गो ते, ताई. पोराला कितीसं लागतं? मागितलं असतंस तं अर्धं तुलाच दिलं असतं."